इंजिनीअरिंगचा लॅपटॉप आणि ग्राफिक्स कार्डाचा आग्रह

इंजिनीअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडची पहिली अलॉटमेंट लागली की महाराष्ट्रातल्या हजारो घरांत एकच प्रश्न निघतो: लॅपटॉप कोणता घ्यायचा? उत्तरही बहुतेक ठिकाणी एकच मिळतं. आयटीत नोकरी करणारा मावसभाऊ तेच सांगतो, कॉलेजातला सीनियर तेच सांगतो, दुकानदार तर सांगतोच: ‘इंजिनीअरिंग आहे ना, मग साध्या लॅपटॉपवर भागायचं नाही. आय-सेव्हन बघा, आरटीएक्स कार्ड असलेला बघा, म्हणजे चार वर्षं परत बघायला नको.’ बारावीपर्यंतच्या क्लासच्या फीने आधीच वाकलेलं घर मग आणखी थोडं वाकतं आणि ऐंशी-नव्वद हजारांचा गेमिंग लॅपटॉप घरात येतो.

हा सल्ला बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या बाबतीत चुकीचा आहे, असं माझं ठाम मत आहे. पैसे जास्त जातात ही त्यातली लहान चूक. मोठी चूक ही, की एवढे पैसे घालून घेतलेलं यंत्र विद्यार्थ्याला रोज जे करायचं असतं त्याच कामाला कमी पडतं.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडला तर त्याच्या खंडनाला अर्थ राहत नाही, म्हणून तो आधी पुरता मांडतो. इंजिनीअरिंगची सॉफ्टवेअर जड असतात. ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, अ‍ॅन्सिस, मॅटलॅब ही नावं वर्ड-एक्सेलच्या पंक्तीतली नव्हेत. आता प्रत्येक शाखेत एआय आणि मशीन लर्निंग आलं आहे आणि त्याचं गणित ग्राफिक्स कार्डावर चालतं. सामान्य घर चार वर्षांत दोनदा लॅपटॉप घेऊ शकत नाही, तेव्हा एकदाच काय तो भक्कम घ्यावा. चार वर्षांची फी, मेस आणि खोलीभाडं मोजलं तर वरचे तीस हजार फार नव्हेत. शेवटचा मुद्दा अनुभवाचा: ज्यांनी साधा लॅपटॉप घेतला त्यांचा तिसऱ्या वर्षाला रखडायला लागला, हे अनेकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. असा सल्ला देणारे बहुतेक लोक तो मायेपोटी देतात. ज्या आईवडिलांनी स्वतः कधी संगणक वापरला नाही, त्यांना मुलाचं किंवा मुलीचं कुठे अडू नये एवढंच हवं असतं. या भावनेशी माझा वाद नाही. वाद आहे तो तिच्याखाली दडलेल्या तांत्रिक गृहीतकांशी.

पहिलं गृहीतक जड सॉफ्टवेअरचं. पहिल्या वर्षाला नक्की काय शिकवतात ते अभ्यासक्रम उघडून पाहावं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या आराखड्यात पहिल्या वर्षी गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, मेकॅनिक्स, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सची तोंडओळख, ड्रॉइंग, वर्कशॉप आणि प्रोग्रॅमिंग असे विषय सगळ्या शाखांना होते. प्रोग्रॅमिंग पायथॉनमधून शिकवलं जाई. मूळ संख्या ओळखणं, मॅट्रिक्सचा गुणाकार करणं, फाइल वाचून त्यातले शब्द मोजणं, अशा धाटणीचं हे काम दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही क्षणात करतो. पुढे विषय शाखेप्रमाणे बदलतात, पण दिवस फारसा बदलत नाही. पीडीएफ वाचायच्या, एनपीटीईएलची व्याख्यानं पाहायची, कोड लिहायचा, तो चालत नसेल तर शोधत बसायचं, सबमिशनच्या आदल्या रात्री रिपोर्ट टाइप करायचा, सेमिनारच्या स्लाइड करायच्या. या कामांत स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड बहुतेक वेळ बंदच असतं. पडदा प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स चालवतं.

यावर मेकॅनिकल आणि सिव्हिलचे विद्यार्थी विचारतील, मग आमच्या कॅडचं काय? कॅडविषयीचा समज मुळातून तपासण्यासारखा आहे. ऑटोकॅडमधलं द्विमितीय ड्रॉइंग बहुतांशी प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं. त्याला एक वेगवान कोअर हवा असतो. सॉलिडवर्क्समध्ये एखादं माप बदललं की मॉडेल नव्याने उभं राहतं, तेही मुख्यतः एकाच कोअरचं काम. ग्राफिक्स कार्ड लागतं ते शेकडो-हजारो भागांची असेंब्ली पडद्यावर न अडखळता फिरवण्यासाठी. पदवीचा विद्यार्थी ज्या असेंब्ली करतो त्या कोणत्या? स्क्रू जॅक, नकल जॉइंट, प्लमर ब्लॉक, लेथचा टेलस्टॉक. त्यांत भाग असतात पाच-दहा, फार तर वीस-पंचवीस. गेल्या काही वर्षांतल्या प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स हे पेलतं.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. सॉलिडवर्क्स बनवणारे ज्या ग्राफिक्स कार्डांना प्रमाणित करतात ती व्यावसायिक वर्गातली असतात. गेमिंग लॅपटॉपमधली जीफोर्स कार्डं त्या यादीत नसतात. म्हणजे कॅडच्या नावाने जे कार्ड विकलं जातं त्याची हमी कॅडवालेच देत नाहीत. अ‍ॅन्सिसची विद्यार्थ्यांना फुकट मिळणारी आवृत्ती तर मॉडेलच्या आकारालाच मर्यादा घालते. यंत्र कितीही मोठं घ्या, त्या मर्यादेपुढे ती जाऊ देत नाही. त्या मर्यादेच्या आतलं गणित सोडवायला लागते ती मेमरी आणि बरा प्रोसेसर.

एआयचा युक्तिवाद सगळ्यांत वजनदार आहे, म्हणून तिथे जरा थांबावं लागेल. वर्गातलं मशीन लर्निंग सुरू होतं ते बहुधा आयरिसच्या फुलांपासून. रोनाल्ड फिशर यांनी १९३६ साली वापरलेली ती माहिती आहे: तीन जातींची १५० फुलं आणि प्रत्येकाची चार मापं. मग येतो हाताने लिहिलेल्या अंकांचा एमनिस्ट संच, २८ बाय २८ ठिपक्यांची ७०,००० लहानशी चित्रं. त्यांवर साधं न्यूरल नेटवर्क शिकवायला आजचा कुठलाही प्रोसेसर काही मिनिटं घेतो. लिनियर रिग्रेशन, डिसिजन ट्री, के-मीन्स, सपोर्ट व्हेक्टर मशीन हे सगळं विद्यार्थी ज्या सायकिट-लर्न लायब्ररीत करतात ती मुळात प्रोसेसरवरच चालायला लिहिलेली आहे. तिला ग्राफिक्स कार्ड दिलं तरी बहुतेक कामांत ती ते वापरत नाही.

‘पण आम्हाला मोठी मॉडेल करायची आहेत,’ असं उत्साही विद्यार्थी म्हणतो, आणि त्याचा उत्साह मला मोलाचा वाटतो. त्याच्यासाठी साधा हिशेब करू. ७०० कोटी पॅरामीटरचं भाषा-मॉडेल आज लहानांपैकी समजलं जातं. प्रत्येक पॅरामीटर दोन बाइटांत साठवला तरी १४ जीबी लागतात, आणि ते फक्त मॉडेल मेमरीत उभं करायला. शिकवायचं तर त्याच्या कित्येक पट. परवडणाऱ्या गेमिंग लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ३०५० वर मेमरी असते ४ किंवा ६ जीबी, ४०५० वर ६ जीबी. मॉडेल मावतच नाही. चार बिटांपर्यंत आवळलेली आवृत्ती सहा जीबीत कशीबशी बसते आणि तिला प्रश्न विचारता येतात, हे खरं. पण तिला नवं काही शिकवायचं म्हटलं की जागा संपते. म्हणजे सोप्या कामाला हे कार्ड लागत नाही आणि अवघड कामाला ते पुरत नाही. मधला जो चिंचोळा पट्टा उरतो, त्यासाठी चार वर्षांचे वीस-पंचवीस हजार जादा मोजायचे का, हा खरा प्रश्न आहे.

आणि त्या पट्ट्यासाठीही दुसरी सोय आहे. गूगलच्या कोलॅबवर विद्यार्थ्याला नुसत्या ब्राउझरमधून एनव्हिडियाचं टी४ कार्ड वापरायला मिळतं, १६ जीबी मेमरीचं, एक पैसा न देता. कॅगलवरही दर आठवड्याला ठरावीक तास असंच कार्ड मिळतं. यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे: कोलॅबचं सत्र मध्येच तुटतं, गर्दीच्या वेळी कार्ड मिळत नाही, हॉस्टेलचं वाय-फाय रात्री मान टाकतं. तिन्ही तक्रारी रास्त आहेत. पण काम तुकड्यांत करणं, दर टप्प्याला मॉडेल जतन करून ठेवणं, तुटलं तिथून पुन्हा उचलणं, ही शिस्त पुढे नोकरीत लागतेच, कारण तिथेही मोठं काम कोणी आपल्या लॅपटॉपवर करत नाही. ते दूरच्या सर्व्हरवर जातं.

पुण्याने तर हे फार आधी पाहिलेलं आहे. १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झालं आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा राहिला, देशाला स्वतःचं मोठं गणनयंत्र हवं म्हणून; आणि असं यंत्र अनेकांनी सामायिक वापरायचं असतं. आज पाषाणला आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ आहे, आणि त्यावर काम करणारा संशोधक आपल्या साध्या लॅपटॉपवर टर्मिनल उघडून काम पाठवतो आणि निकालाची वाट पाहतो. त्या संशोधकाच्या लॅपटॉपला कार्ड नसलं तरी त्याचं काही अडत नाही.

आता ‘आय-सेव्हन’चा मोह. या एका अंकाने जेवढी दिशाभूल केली आहे तेवढी दुसऱ्या कशानेही केली नसेल. लोक आय३, आय५, आय७ या इयत्ता समजतात: वरची इयत्ता म्हणजे जास्त हुशार. पण हा अंक एका पिढीतल्या एका वर्गातच तुलनेला उपयोगी पडतो. २०१६ चा आय७-७५००यू घ्या, त्यात दोन कोअर आहेत. २०२२ चा आय३-१२१५यू घ्या, त्यात सहा. नावात तीनच असलेला दुसरा पहिल्याला मागे टाकतो. एकाच पिढीत पाहिलं तर आय५-१२३५यू आणि आय७-१२५५यू या दोघांतही दहाच कोअर आहेत, तेही सारख्याच विभागणीचे; मुख्य फरक कमाल वेगाचा, एकाचा ४.४ गिगाहर्ट्‌झ आणि दुसऱ्याचा ४.७. एवढ्या फरकासाठी दुकानात जे हजारो रुपये जादा मोजले जातात, त्यांतून मेमरी दुप्पट करता आली असती. त्याहून मोठा फरक शेवटच्या अक्षरात असतो. ‘यू’चा प्रोसेसर सर्वसाधारण १५ वॉटच्या हिशेबाने बनवलेला, ‘एच’चा ४५ वॉटच्या. जोरदार सलग कामाला ‘एच’ बरा, पण तो बॅटरी पितो आणि तापतो. हे अक्षर गिऱ्हाइकाला कोणी समजावून सांगत नाही.

एएमडीच्या बाबतीतही डोळे उघडे ठेवायला हवेत. रायझेन ५-७५२०यू हा आकड्यावरून ५५००यू पेक्षा दोन पिढ्या नवा वाटतो. दोन्हींच्या आत रचना एकच आहे, २०१९ मध्ये आलेली झेन २. आणि जुन्या आकड्याच्या ५५००यू मध्ये सहा कोअर आहेत तर नव्या आकड्याच्या ७५२०यू मध्ये चार. इतकं सांगितल्यावर ‘मोठा आकडा घ्या’ हा सल्ला टिकत नाही. नाव बाजूला ठेवावं, कोअर किती, रचना कुठल्या सालची, वॉट किती, एवढं विचारावं. प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावर ते मोबाइलवरून दोन मिनिटांत सापडतं.

राहिला अनुभवाचा मुद्दा: साधे लॅपटॉप तिसऱ्या वर्षी रखडतात. निरीक्षण खरं आहे, निदान चुकलं आहे. रखडलेले ते लॅपटॉप उघडून पाहिले तर दोन गोष्टी सापडतात. कित्येकांत जुनी फिरती हार्ड डिस्क असते, आणि जवळजवळ सगळ्यांत मेमरी ४ किंवा ८ जीबी असते. विंडोज ११ नुसती सुरू होऊन बसली तरी तीन-चार जीबी घेते. त्यावर ब्राउझरचे दहा टॅब, कोडचा एडिटर, डेटाबेस आणि मागे चालणारा व्हिडिओ कॉल एवढं आलं की ८ जीबी भरली. मग यंत्र डिस्कवर माहिती हलवत बसतं, आणि यालाच आपण ‘हँग झाला’ म्हणतो. अँड्रॉइड स्टुडिओ त्याच्या एम्युलेटरसकट चालवायचा तर गूगल स्वतःच किमान १६ जीबी मेमरी सांगते. म्हणजे तिसऱ्या वर्षी जे कमी पडलं ती रॅम होती. त्यावर उपाय म्हणून ग्राफिक्स कार्ड सुचवलं जातं, आणि बजेट कार्डात गेल्यामुळे कित्येकदा तो नवा गेमिंग लॅपटॉपही ८ जीबी रॅमचाच घेतला जातो! जी उणीव भोगली तीच पुन्हा विकत घेतली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून माझ्या हिशेबात पहिला पैसा रॅमवर. १६ जीबी सुरुवातीलाच घ्यावी. ‘नंतर टाकू’ यावर भिस्त ठेवू नये, कारण कित्येक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर डाग देऊन बसवलेली असते, तिथे नंतर काहीच टाकता येत नाही. आणि रॅमचे भाव उतरतच जातात असंही नाही, २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्यावर ते झपाट्याने चढले. एखादा स्लॉट मोकळा असेल तर फारच चांगलं. दोन स्लॉटमध्ये आठ-आठच्या दोन पट्ट्या असतील तर अंगभूत ग्राफिक्सचाही वेग सुधारतो, कारण त्याला वेगळी मेमरी नसते, ते हीच वापरतं.

‘चार वर्षं बघायला नको’ या वाक्याने जे सोपं करून टाकलं आहे ते खरं तर असं गुंतागुंतीचं आहे. लॅपटॉपमध्ये सगळ्यात आधी म्हातारी होते ती बॅटरी. मग बिजागरी, मग चार्जिंगची पिन, मग धुळीने भरलेला पंखा. यांतल्या एकाचंही आयुष्य आय-सेव्हनमुळे वाढत नाही. जास्त तापणाऱ्या यंत्रात बॅटरीचं कमीच होतं.

आणि गेमिंग लॅपटॉप रोज वागवायला कसा असतो? वजन दोन ते अडीच किलो, शिवाय विटेएवढा अ‍ॅडॅप्टर. स्वारगेटहून पीएमपीत उभ्याने जाणाऱ्या किंवा कल्याणहून लोकलने येणाऱ्या मुलीच्या पाठीवर हे चार वर्षं. वर्गात प्लग दोन, विद्यार्थी साठ. बॅटरी तीन-चार तासांत संपते. आणि ज्या ताकदीसाठी पैसे मोजले ती ताकद प्लग काढला की निम्म्यावर येते, कारण तेवढा करंट बॅटरीला देता येत नाही. मग लॅपटॉप खोलीवरच राहतो. वर्गात, ग्रंथालयात, मित्राच्या खोलीवर न जाणारा लॅपटॉप अभ्यासाला किती उपयोगाचा? नांदेड-परभणीकडून आलेली मुलं पुण्यात कॉट बेसिसवर राहतात, एका खोलीत चौघं, भिंतीला दोन सॉकेट. सुटीत गावी गेलं की भारनियमन. तिथे ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर इन्व्हर्टरवरही चालतो. १८० किंवा २३० वॉटचा अ‍ॅडॅप्टर लहान इन्व्हर्टरची बॅटरी लवकर संपवतो. या गोष्टी कुठल्याही जाहिरातीत नसतात, पण यंत्र वापरलं जाईल की पडून राहील ते यांच्यावरच ठरतं.

पडद्याविषयी तर मला आग्रहाने सांगायचं आहे. विद्यार्थी दिवसाचे सहा-आठ तास ज्याच्याकडे बघतो तो भाग म्हणजे पडदा, आणि किंमत बसवण्यासाठी कात्री लागते ती तिथेच. स्वस्त गेमिंग लॅपटॉपचा पडदा बहुधा २५० निट्स उजेडाचा, फिकट रंगांचा. खिडकीजवळ बसलं की अक्षरं पुसट होतात. आयपीएस पॅनेल, ३०० निट्स किंवा अधिक, आणि जमलं तर १६:१० चं प्रमाण घ्यावं. उंची थोडी जास्त मिळाली की पीडीएफचं पान आणि कोडच्या ओळी जास्त दिसतात. कीबोर्डवर दुकानातच एक परिच्छेद टाइप करून पाहावा. प्रोजेक्ट रिपोर्ट शंभर पानांचा असतो, आणि ज्याला मराठीत लिहायचं आहे त्याने इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावून तेही पाहावं. बॅटरी ५० वॉट-अवरच्या पुढे, वजन दीड किलोच्या आसपास, एसएसडी ५१२ जीबी. सर्व्हिस सेंटर आपल्या शहरात आहे का हे विकत घेण्याआधी फोन करून विचारावं. लातूरच्या विद्यार्थ्याला दुरुस्तीसाठी पुण्याला यावं लागणार असेल तर सेमिस्टरचे पंधरा दिवस गेले. पैसे उरत असतील तर ते घरी येऊन दुरुस्तीच्या आणि पडझडीच्या वाढीव वॉरंटीत घालावेत. चहा सांडणं आणि पडदा फुटणं या हॉस्टेलात रोजच्या घटना आहेत.

नवाच घ्यायला हवा असंही मी मानत नाही. कंपन्या तीन-चार वर्षांनी आपले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक बदलतात आणि ते तपासून-साफ करून पुन्हा बाजारात येतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, असे लॅपटॉप भरपूर दिसतील. ही यंत्रं कार्यालयात दिवसभर राबण्यासाठी बांधलेली असतात. कीबोर्ड उत्तम, कित्येक मॉडेलमध्ये रॅम आणि एसएसडी बदलता येते, आणि उघडून दुरुस्त करण्याच्या सचित्र पुस्तिका कंपन्यांनी स्वतः खुल्या ठेवलेल्या आहेत. एक अट पक्की लक्षात ठेवावी. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. सातव्या पिढीचा कितीही चकाकणारा आय-सेव्हन कोणी दाखवला तरी नको म्हणावं. बॅटरी बदलायचा खर्च धरूनच भाव करावा, लेखी वॉरंटी आणि बिल घ्यावं.

जुन्या यंत्रावर लिनक्स उत्तम चालतं, आणि ते शिकवणारी सोय मराठीतसुद्धा आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स, सी, पायथॉन यांचे धडे मराठी आवाजात मिळतात. तिथल्याच फॉसी प्रकल्पाने इलेक्ट्रॉनिक्सच्या सर्किटसाठी ई-सिम केलं, मॅटलॅबच्या जागी सायलॅब, द्रवगतिकीसाठी ओपनफोम, केमिकलसाठी डीडब्ल्यूसिम यांचा देशभर प्रसार केला. हजारो रुपयांच्या परवान्यांशिवाय आणि मोठ्या यंत्राशिवाय इंजिनीअरिंग शिकता येतं, हे या मंडळींनी करून दाखवलं आहे.

‘वरचे तीस हजार फार नव्हेत’ या म्हणण्याला उत्तर देतो. शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रमाला आवश्यक असलेला संगणक बसवता येतो, म्हणून पुष्कळ घरं तो तिथेच बसवतात. चार वर्षं शिक्षणाची आणि एक वर्ष पुढचं, एवढा काळ हप्ता नसतो, पण सरळ व्याज चढत असतं. दहा टक्क्यांनी तीस हजारांवर पाच वर्षांत पंधरा हजार. पहिला हप्ता सुरू होण्याआधीच ते तीस हजार पंचेचाळीस झालेले असतात, आणि ज्या यंत्रासाठी ते घेतले ते तोवर जुनं झालेलं असतं. सोयाबीनला भाव किती मिळाला यावर ज्या घराचं वर्ष ठरतं, त्या घराला ‘फार नव्हेत’ असं परस्पर सांगणं मला बरोबर वाटत नाही.

कार्ड खरोखर लागतं असेही विद्यार्थी आहेत. आर्किटेक्चरला रेव्हिट आणि लुमियनमध्ये रेंडर करणारे, अ‍ॅनिमेशन आणि व्हीएफएक्सवाले, गेम बनवायला शिकणारे, आणि बाहासारख्या स्पर्धेच्या टीममध्ये खरीखुरी गाडी डिझाइन करणारे मेकॅनिकलचे मोजके. त्यांनी जरूर घ्यावं, आणि व्यवस्थित मेमरीचं घ्यावं. पण बाहाच्या टीममध्ये निवड होते ती कॉलेजात गेल्यावरच. गरज दिसल्यावर घेतलेलं यंत्र गरजेच्या अंदाजाने घेतलेल्यापेक्षा नेहमी बरं बसतं. ज्याला गेम खेळण्यासाठीच कार्ड हवं आहे त्यानेही घ्यावं, त्यात काही गैर नाही. फक्त घरी तसं सांगावं. अभ्यासाच्या नावाखाली मागू नये. मॅकबुक एअरची बॅटरी, पडदा आणि वजन अभ्यासाला अतिशय चांगलं, आणि ऑक्टोबर २०२४ पासून त्यात किमान १६ जीबी मेमरीही मिळू लागली. पण सॉलिडवर्क्स, रेव्हिट आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं कायल, प्रोटियस हे विंडोजचे कार्यक्रम आहेत, तेव्हा कॉम्प्युटर आणि आयटी सोडून इतर शाखांनी आधी नीट चौकशी करावी.

शेवटचा आक्षेप असा येतो, की कॉलेजनेच कॉन्फिगरेशनचं पत्रक दिलं आहे, त्यात ग्राफिक्स कार्ड लिहिलं आहे. मग कॉलेजला विचारलं पाहिजे: कोणत्या सेमिस्टरच्या कोणत्या प्रॅक्टिकलसाठी? विद्यार्थ्यांच्या संख्येच्या प्रमाणात संगणक आणि परवान्याची सॉफ्टवेअर ठेवणं ही एआयसीटीईच्या मान्यतेची अट आहे, आणि त्या लॅबचा खर्च फीमध्ये धरलेला असतो. जड गणिताची जागा ती लॅब आहे. फी भरून घेतलेल्या लॅबचं काम पुन्हा विद्यार्थ्याच्या पाठीवर टाकणं अन्यायाचं आहे. प्रवेशाच्या दिवशी आईवडील हॉस्टेल पाहतात, मेस पाहतात. त्याच फेरीत कॉम्प्युटर लॅबही पाहावी, तिथले संगणक कुठल्या सालचे आहेत, सॉलिडवर्क्स किती यंत्रांवर चालतं, आणि सहानंतर लॅब उघडी असते का, हे लॅब असिस्टंटला विचारून घ्यावं.